वाजवी वाटेल असं एक वाक्य

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये तलवारीचे नियम सोपे असतात. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या पात्राची भर मिळवायची, बेरीज समोरच्याच्या चिलखताच्या आकड्याला पोचली की वार बसला. किती लागलं ते दुसरा फासा सांगतो. आगीचा गोळा फेकला तरी तेच. वीस फुटांच्या त्रिज्येत कोण सापडलं आणि कोण निसटलं एवढं मोजलं की विषय संपला. टेबलावर खरी भांडणं लागतात ती मंत्र अंगाऐवजी मनाला धरतो तेव्हा. ‘तू आता माझं ऐकशील’ असं एका पात्राने दुसऱ्याला म्हटलं, फासाही त्याच्या बाजूने पडला, तर ऐकायचं म्हणजे नेमकं किती ऐकायचं? पुस्तकात यावर फार तर अर्धा परिच्छेद असतो. उरलेलं आपण निस्तरायचं.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली अमेरिकेत आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांचा खेळ. एक जण डीएम, म्हणजे डंजन मास्टर, होतो. जग त्याचं, आणि त्या जगातले राजे, चोर, भुतंखेतं, पाणक्ये सगळे त्याचे. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि ते काय करतं ते सांगत जायचं. निकाल नक्की नसेल तिथे फासा. आमच्या गटात डीएम मी.

आम्ही अमळनेरचे. रविवारी दुपारी एका जिनिंगच्या ऑफिसात बसतो, कारण तिथलं टेबल मोठं आहे आणि कापसाचा हंगाम सरला की तिकडे कुणी फिरकत नाही. काचेखाली जुन्या काटापावत्या दडपलेल्या आहेत आणि कितीही पुसलं तरी फाशांना रुईची तुसं चिकटतात. जिनिंगवाल्यांचा मुलगा आमचा योद्धा. कोर्टात वकिली करणारे एक गृहस्थ धर्माचे पुजारी झालेत, फिजिओथेरपिस्ट असलेली मैत्रीण वैद्य आहे, आणि जळगावला इंजिनिअरिंग करणारा माझा भाचा शाहीर, म्हणजे पुस्तकातला बार्ड. पहिला डाव आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मांडला होता. त्या दिवशी गावभर पत्ते रंगलेले असतात, त्यामुळे चार माणसं दार लोटून टेबलाभोवती बसली तर कुणाला त्यात नवल वाटत नाही.

याच गावात प्रतापशेठांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञानाची संस्था काढली. मोठमोठ्या माणसांनी इथे बसून अद्वैताचा काथ्याकूट केला. आमचा काथ्याकूट असा, की पुलावरचा पहारेकरी आपल्या मनाने घरी गेला की शाहिराने घालवला.

तो पहारेकरी आधी सांगते, कारण त्याच्यावरून सगळं पेटलं. नदीवर पूल, पुलावर नाका, नाक्यावर भाला घेतलेला एकटा माणूस. भाच्याने ‘सजेशन’ टाकला. हा दुसऱ्या पातळीचा मंत्र. आठ तासांपर्यंत टिकतो, पण तेवढा वेळ टाकणाऱ्याने त्यावर ध्यान धरून ठेवावं लागतं. त्यात एक-दोन वाक्यांत समोरच्याला काहीतरी सुचवायचं असतं, आणि २०१४ च्या, म्हणजे पाचव्या आवृत्तीच्या, पुस्तकात अट अशी की ते करणं वाजवी वाटेल अशा शब्दांत ते मांडलेलं हवं. स्वतःला भोसकून घे, आगीत उडी मार असलं उघड घातक काही सांगितलं की मंत्र तिथेच तुटतो. भाचा म्हणाला, “गावात जत्रा आहे, बायको-पोरं वाट बघतायत. तुम्ही या जाऊन, नाक्यावर आम्ही थांबतो.”

वकील उसळलेच. “अनोळखी माणसांच्या हाती नाका सोपवून कुठला शिपाई घरी जाईल? हे वाजवी आहे?” भाचा म्हणे, वाजवी असायला लागत नाही, वाटायला लागतं. आणि त्याने पुस्तकातलंच उदाहरण काढून दाखवलं: एखाद्या सरदारणीला सुचवावं की वाटेत जो पहिला भिकारी भेटेल त्याला आपला लढाईचा घोडा देऊन टाक. हे चालतं, असं पुस्तक स्वतः सांगतं. घोडा देऊन टाकणं चालतं, मग नाका सोडणं का नाही?

या जागी बहुतेक डीएम दोन टोकांपैकी एक पकडतात. काहींच्या मते फासा हरला म्हणजे माणूस हरला, आता घोडा काय आणि घर काय. काहींच्या मते कुठलाच शहाणा माणूस असं करणार नाही, म्हणून मंत्र फुकट. मला दोन्ही पटत नाहीत. मी तो नियम असा वाचते, की ‘सजेशन’ माणसात नवी इच्छा घालत नाही. जी इच्छा त्याच्यात आधीच आहे, तिच्यासमोरचा अडसर तेवढा काढून घेतो. सरदारीण घोडा देते ती सरदारीण आहे म्हणून. दानधर्माचं ब्रीद तिच्या अंगात मुरलेलं आहे, आणि मंत्राने त्याच ब्रीदाला हात घातला. तेच वाक्य घोड्यांच्या व्यापाऱ्याला सांगून बघा. शब्द तेच, पण ते कानाला वाजवी लागणार नाहीत. वाजवीपणा वाक्यात नसतो, ऐकणाऱ्यात असतो.

त्यामुळे मला आता आडव्या-तिडव्या भेटणाऱ्या पात्रांचीही वही ठेवावी लागते. प्रत्येकापुढे दोन ओळी: याला काय हवंय, आणि हा काय सोडणार नाही. पुलावरच्या पहारेकऱ्याला घरी जायचं होतं, तसं वहीत लिहिलेलंच होतं. तो गेला. त्याचा भाऊ त्याच पुलावर मारला गेला असता तर जत्रेच्या वाक्याने तो हलला नसता. पण मग ते मी भाच्याला मंत्र टाकण्याआधी सांगितलं असतं: तुझ्या शाहिराला दिसतंय की हा माणूस पुलाकडे वेगळ्याच नजरेने बघतो. मंत्र खर्ची पडल्यावर ‘तुझं वाक्यच चुकलं’ म्हणणं ही डीएमची लबाडी आहे, आणि ती फार ठिकाणी चालते.

गणितही बघून घ्या, म्हणजे माझी बाजू कळेल. तिसऱ्या लेव्हलच्या शाहिराचा करिष्मा १६ असेल तर त्याचा मंत्र झिडकारायला १३ लागतात: ठरलेले ८, अधिक त्या लेव्हलचे २, अधिक करिष्म्याचे ३. साध्या पहारेकऱ्याला शहाणपणाची भर शून्य, म्हणजे फाशावर १३ ते २० आले तर तो सुटतो. शंभरात चाळीस वेळा. मंत्राच्या वाटेत हा धोंडा आधीच आहे. त्यावर डीएमने स्वतःच्या लहरीचा दुसरा धोंडा ठेवायचं कारण नाही.

‘चार्म पर्सन’ या भुरळ घालणाऱ्या मंत्राच्या बाबतीत तर लोक पुस्तक उघडूनच बघत नाहीत. जिनिंगवाल्याची समजूत अशी होती की भुरळ पडलेला माणूस म्हणजे गडी. पाणी आण म्हटलं की आणतो. प्रत्यक्षात नियमात दोनच गोष्टी आहेत. भुरळ पडलेला तुमच्यावर हल्ला करू शकत नाही, आणि त्याच्याशी बोलताना तुम्हाला दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो. मंत्रामुळे तो तुम्हाला ओळखीतला भला माणूस समजतो. एवढंच. ओळखीतला भला माणूस आपल्याकडे किती गोष्टी मागून नेतो आणि किती वेळा हात हलवत परत जातो, ते प्रत्येकाने आपापल्या घरी आठवावं. लढाई चालू असताना हा मंत्र टाकला तर समोरच्यालाही दोन फासे मिळतात, आणि तोच पहारेकरी मग शंभरात चौसष्ट वेळा सुटतो.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत हे सगळं जास्त स्वच्छ होतं, असं मला वाटतं. तिथे मनाच्या मंत्रांची सरळ दोन घरं होती. एका घरातले मंत्र समोरच्याची तुमच्याकडे बघण्याची नजर बदलायचे. दुसऱ्या घरातले सक्तीचे, थेट कृती करवून घेणारे किंवा मनाची चालच बदलणारे. पाचव्या आवृत्तीने ही भिंत पाडली. नियम सुटसुटीत झाले हे खरं, पण मंत्र वाचताना ‘हा कुठल्या घरातला’ हा पहिला प्रश्नच कुणाला पडेनासा झाला. मी अजून तो विचारते.

एक फरक मात्र पाचव्या आवृत्तीतही शाबूत आहे, आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. ‘चार्म पर्सन’ उतरला की समोरच्याला कळतं, या माणसाने आपल्याला भुरळ घातली होती. ‘सजेशन’मध्ये असं काही लिहिलेलं नाही. मंत्र उतरतो आणि माणूस घरच्या ओट्यावर जेवत बसलेला असतो. त्याला विचारलं तर तो सांगेल, जत्रा होती, पोरांची आठवण आली, म्हणून आलो. मला सगळ्या पुस्तकात याच्याइतकी धास्ती कशाचीच वाटत नाही, ड्रॅगनचीसुद्धा नाही. बारावीनंतर मला पुण्याला जायचं होतं. वडील रागावले नाहीत, ओरडले नाहीत. जेवताना म्हणाले, “आपल्या गावात प्रताप कॉलेज असताना बाहेर कशाला?” वाक्य वाजवीच होतं. मी इथेच शिकले, पुढे इथेच राहिले, आणि विचारलं तर आजही सांगते की मला गावातच राहायचं होतं. खोटं बोलते असंही नाही. कदाचित होतंच मनात. पहारेकऱ्यालाही घरी जायचं होतंच ना.

असो. पात्र डीएमचं असेल तर सक्ती करून मोकळं होता येतं. खरी कसोटी लागते ती खेळणाऱ्याचं पात्र सापडतं तेव्हा. आमच्या योद्ध्यावर एका मांत्रिकाने ‘डॉमिनेट पर्सन’ टाकला आणि हुकूम सोडला: त्या वैद्याला मार. फासा योद्ध्याच्या विरुद्ध गेला. जिनिंगवाला खुर्चीवरून उठला. एरवी तो टेबलावर प्रमाण मराठी बोलतो, पण त्या वेळी अहिराणीच आली तोंडात: “मन्हा माणूस आसं कराव नही!” बाकीचे म्हणाले, फासा पडला ना, मग संपलं.

मला मात्र तो बरोबर वाटला. टेबलावर जग माझं, हवामान माझं, देवसुद्धा माझे. खेळणाऱ्याच्या मालकीची गोष्ट एकच, आपलं पात्र काय करेल हे सांगण्याचा हक्क. तोच काढून घ्यायचा असेल तर नियम अगदी शब्दाला धरून वाचावा, पसरट वाचू नये. आणि शब्दाला धरून वाचलं तर ‘डॉमिनेट’मध्ये दोन पायऱ्या निघतात. मोघम हुकूम द्यायचा, तो समोरच्याने शक्य तेवढा नीट पाळायचा, ही पहिली. पूर्ण ताबा ही दुसरी, आणि त्यासाठी मांत्रिकाला स्वतःची कृती खर्च करावी लागते. म्हणजे त्या पाळीला तो दुसरी कृती करू शकत नाही. पहिल्या पायरीवर पात्र खेळणाऱ्याच्याच हातात राहतं, असं मी वाचते. म्हणून मी हुकूम चिठ्ठीवर लिहून त्याच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, आता तूच सांग तुझा माणूस काय करतो.

त्याने तलवार खाली टाकून गुद्दा मारतो म्हणून सांगितलं. वकिलांनी पळवाट म्हणून पाठ थोपटली. मी नाही म्हटलं. शक्य तेवढं नीट पाळायचं म्हणजे हातातली तलवार टाकून गुद्दे मारणं नव्हे. पण तोंडाने त्याने काय बोलायचं, डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे, वार करताना वैद्याला हाक मारायची का, यातलं काहीच मांत्रिकाने सांगितलेलं नव्हतं. ते सगळं त्याचं. तो वार त्याने जसा वर्णन करून सांगितला, तसा मला जन्मात सांगता आला नसता.

इकडे वैद्यबाईंनी नियम पुढे वाचला होता. मार बसला की दर वेळी नवा फासा टाकून सुटायची संधी मिळते. त्यांनी योद्ध्याच्या थोबाडीत द्यायला सुरुवात केली. ताकदीची भर शून्य, एका थपडेला एक नुकसान, पण प्रत्येक थपडेला एक फासा. “माझं रोजचंच काम आहे,” त्या म्हणाल्या, “दुखवल्याशिवाय सुटत नाही.” शेवटी सुटला.

‘गियास’ नावाचा मंत्र आमच्याकडे कुणाला समजवावा लागला नाही. गळ्याची शपथ घालून कामाला लावायचं, ही रीत इथे पाळण्यापासून माहीत असते. मुदत तीस दिवस. हुकमाच्या थेट उलट वागलं तर दहा बाजूंचे पाच फासे टाकून येईल तेवढं मनाला लागतं, मात्र दिवसातून एकदाच. रानातल्या एका म्हातारीने योद्ध्याला शपथ घातली की दरीतलं मडकं आणून दे, आणि तोवर गावाकडे फिरकू नको. जिनिंगवाल्याने मोबाइलवर हिशोब केला. सरासरी साडेसत्तावीस. आपल्याकडे प्राण चौऱ्याहत्तर. रात्रभर झोप झाली की सगळं भरून येतं. “म्हणजे रोजचा दंड आहे भो हा. भरू ना!”

नियमाप्रमाणे त्याचं चूक नव्हतं. व्यापाऱ्याच्या घरचं डोकं, बरोबर जागेवर बोट ठेवलं. मी ते मान्यही केलं. फक्त पुढच्या वस्तीवर त्याला तीच शपथ घातलेला एक शेतकरी भेटवला. साध्या गावकऱ्याकडे चारच प्राण असतात. पाच फाशांवर कमीत कमी पाच येतात, म्हणजे उलट वागण्याची त्याची पहिलीच वेळ शेवटची. म्हातारीचे शब्द दोघांना सारखेच होते. एकासाठी तो दंड होता आणि दुसऱ्यासाठी हुकूम, आणि हा फरक मंत्राच्या वर्णनात कुठेही लिहिलेला नाही.

शेतकरी भेटल्यावर दंड भरायची भाषा बंद झाली. लहानपणी शपथ कशी सुटायची, हे वैद्यबाईंना आठवलं: जिने घातली तिच्याच तोंडून ‘सुटली’ म्हणवून घ्यायचं. पुस्तकातही तसंच आहे, टाकणारा आपल्या कृतीने गियास मागे घेऊ शकतो. मग त्यांनी बाजारातून एक मडकं आणलं, म्हातारीपुढे ठेवलं, आणि भाच्याने तिच्यावर सजेशन टाकला: “तुमचं मडकं आलं आजी, आता दोघांनाही मोकळं करा.” वहीत म्हातारीपुढे ‘मडकं हवंय’ एवढंच लिहिलं होतं, कुठलं ते मीच लिहिलं नव्हतं. फासा तिच्या विरुद्ध गेला. सुटली.

२०२४ ची नवी आवृत्ती भाच्याने आणली आहे. त्यात सजेशन पंचवीस शब्दांत बसवायचा, आणि ‘वाजवी’ ही अटच गेली. सांगितलेलं जमण्यासारखं वाटलं म्हणजे झालं. फक्त त्यात समोरच्याला किंवा त्याच्या साथीदारांना उघड इजा होता कामा नये. ‘कमांड’ या एकशब्दी हुकमालाही आता पाचच पर्याय आहेत, त्यामुळे ‘चालता हो’ हा एक शब्द की दोन, हा वाद कायमचा मिटला. भांडणं कमी होतील खरी. आम्ही सजेशन जुनाच ठेवला आहे. वाजवी कुणाला वाटतं, हे विचारायचं नसेल तर तो मंत्र टाकण्यात मजा काय?

आणि जुना ठेवल्यामुळेच घोड्याचं प्रकरण उभं राहिलं. भाच्याने पुस्तकातलं उदाहरण जसंच्या तसं वापरलं. एक सरदारीण आमच्या मागावर होती, तिला तिचा घोडा भिकाऱ्याला द्यायला लावला. वाक्य पुस्तकातलं, त्यामुळे मला नाही म्हणायची सोय नव्हती. घोडा देऊन झाल्यावर मंत्र उतरला, ती भानावर आली आणि पुजारी झालेल्या वकिलांकडेच फिर्याद घेऊन गेली. तोवर भिकाऱ्याने घोडा बाजारात विकला होता. तो बाजार मी सारंगखेड्याच्या जत्रेवरून बेतलेला. दत्तजयंतीला तापीकाठी भरणारी ती घोड्यांची जत्रा आम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे, त्यामुळे भोवरे बघणं, चाल बघणं, दात मोजणं यातलं काही मला समजावून सांगावं लागलं नाही. घेणाऱ्याने पुरी किंमत मोजली होती. त्याला मंत्राबिंत्राची काही कल्पना नव्हती.

वकील रंगात आले. म्हणाले, १८७२ चा आपला करार कायदा संमती मोकळी असावी म्हणतो, आणि त्याच्या सोळाव्या कलमात दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत चालवून घेतलेल्या गैरफायद्याचंच वर्णन आहे. तुमच्या मंत्राचंच समजा. भेट म्हटलं तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ती स्वेच्छेने दिलेली असावी लागते. घोडा परत द्या. मग त्यांचे तेच थांबले. कारण १९३० च्या माल विक्री कायद्यात एकोणतिसावं कलम आहे. दडपणाने झालेला करार रद्द करून घेता येतो, पण तो रद्द होण्याआधी माल तिसऱ्याला विकला गेला आणि त्याने प्रामाणिकपणे, काही माहीत नसताना घेतला, तर माल त्याचा. भेटीला ते तंतोतंत लागू नाही, भिकाऱ्याने तर बिचाऱ्याने कुणावर दडपणही आणलं नव्हतं, पण तर्क तोच. मंत्राने तिची इच्छाच पुसली आणि नुसता हात चालवला असं म्हटलं, तर तिने दिलंच नाही, घोडा जिथे असेल तिथून तिचा. मंत्राने तिच्याच इच्छेला वाट करून दिली असं म्हटलं, तर तिने दिला. वाकवलेल्या मनाने का होईना, पण दिला. मग घोडा व्यापाऱ्याचा.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पहारेकऱ्याच्या वेळी मी काय म्हटलं होतं, ते त्यांना पाठ होतं. ‘डॉमिनेट’चा पूर्ण ताबा असता तर निकाल उलटा दिला असता, सजेशन होता, म्हणून घोडा व्यापाऱ्याकडे राहिला. सरदारणीला भरपाई मात्र मिळायला हवी होती, आणि ती ज्याने वाक्य उच्चारलं त्याने द्यायची असं ठरलं. लढाईच्या घोड्याची किंमत पुस्तकात चारशे सोन्याची नाणी आहे. भाचा हप्त्याने फेडतोय, आणि प्रत्येक हप्त्याला सरदारणीसमोर उभा राहिला की विचारतो, टाकू का एक सजेशन, राहिलेले माफ करायचा?